फुईची आगटी

"शेकी काढसू!"

फुईचं बोलणं इथून सुरू व्हायचं. रामराम नाही, ये-बस नाही. माणूस दारात दिसला की आधी हातातला चिमटा वर, मग "शेकी काढसू!" आणि मग "काय काम शे?" शेकून काढीन ही नुसती धमकी असती तर गोष्ट वेगळी. फुई खरंच हाणायची. मिरच्या विकायला आलेल्या बाईनं तराजूला बोट लावलं, हाणला चिमटा. जावई सासूबद्दल वेडंवाकडं बोलला, हाणला. जावई तिचा नव्हे हो, तिसऱ्या घरचा. पण कानावर आलं ना, मग झालं.

तुम्हीही तुमच्या गल्लीत अशी एखादी बाई पाहिली असेल. तिच्या नावानं पोरं गप्प बसतात आणि आजारपणात लोक तिच्याकडेच धावतात. आमची फुई त्यातलीच, पण दोन हात जास्त.

आमचं गाव खांडबारा स्टेशनापासून कोसावर. मी तिथे सून म्हणून आले तेव्हा गल्लीत आगपेटी एखाद्याच घरी असायची. बाकीच्यांनी सकाळी खापरीत शेजारून विस्तव आणायचा आणि आपली चूल पेटवायची. फुईचं परस आणि आमचं परस यांच्यात एक तुराट्यांचं, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचं, कूड होतं. फुई म्हणजे आत्या, पण ती कुणाच्या बापाची बहीण नव्हती. सुरतेकडून लग्न होऊन आली, आल्यापासून फुईच. गावाची अहिराणी तिनं उचलली होती, पण मधूनच तिकडचे शब्द टपकायचे. शिवी द्यायची ती "मुआ." मेल्या म्हणण्यापेक्षा ते बरं लागतं, असं तिचं मत होतं.

मी नवी नवरी. हातावरची हळद उतरली नव्हती. एका सकाळी कुडापलीकडून आवाज आला, "ए नवी! तुमना घरमा देवता शे का? जराक लई ये!"

मला वाटलं, देव कुणाच्या घरात नसतात? म्हातारीला काही नवस-बिवस करायचा असेल. मी आंघोळ केलेलीच होती. देव्हाऱ्यातला पितळेचा बाळकृष्ण उचलला, पदराखाली धरला आणि मागच्या दारानं घेऊन गेले. फुईनं खापरी पुढे केली होती. मी तिच्यात बाळकृष्ण ठेवला.

फुईनं एकदा खापरीत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. "हाऊ काय पेटस का व?"

मग ती जी हसली, ती जमिनीवर बसली. सुरतेकडे विस्तवाला देवता म्हणतात, हे मला काय माहीत! आमच्या माहेरी इस्तो म्हणायचे. हसून झाल्यावर तिनं माझ्या नडगीवर चिमटा हाणला. का, तर देवाला मागच्या दारानं काय म्हणून आणलं. तेव्हापासून गल्लीत माझं नाव पडलं देवतावाली, आणि गल्लीतल्या समस्त बायांना देवता म्हणजे विस्तव हे पाठ झालं.

आता त्या आगटीबद्दल सांगते. फुईच्या घरात चूल नव्हती. मागच्या परसात, उघड्यावर, गुडघाभर खोल, गोल खड्डा होता. त्यातच ती रांधायची, पाणी तापवायची. पावसाळ्यात वर गवताचं छप्पर करायची, पण चारी बाजू उघड्या. लोक नावं ठेवायचे. घरात चूल नसलेलं घर म्हणजे काय, मसणवट? माझ्या सासूबाईंनी मला दम दिला होता, "तिले विचारजो नही."

मी विचारलंच. मी कुठली गप्प बसते!

फुई माझ्याकडून पाठ चोळून घ्यायला बसली होती. पदर खाली केला आणि मी तेलाचा हात तसाच धरून राहिले. पाठीवर, दंडांवर काळे पट्टे होते. दोन-दोन, जोडीनं. चिमट्याला दोन पाय असतात ना, तसे. तिचा नवरा भाकरी करपली की चिमटा चुलीत तापवायचा आणि दार लावून घ्यायचा. असं किती वर्षं चाललं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एक दिवस चिमटा तिच्या हातात आला. तिनं त्याचं मनगट मोडलं, मग खांदा. तो एका हातात बोचकं धरून स्टेशनावर गेला आणि सुरतेच्या गाडीत बसला, तो पुन्हा आला नाही. त्याच दिवशी फुईनं पहार घेऊन घरातली चूल फोडली.

"जवय घरमा चूल व्हती, तवय कोनले काहीच दिसे नही," ती म्हणाली. "आते उघडावर शे. आते आख्खी गल्ली देखस."

कपाळाला कुंकू मात्र ठसठशीत लावायची. कुणी टोचलं की म्हणायची, "कुंकू त्यान्हं नही, मन्हं शे. माले चांगलं दिसस." आणि चिमटा तोच ठेवला होता. मी म्हटलं, फेकून का नाही दिलात? तर म्हणाली, लोखंड चांगलं आहे.

ही आगटी एका दमात झाली नाही. पहिली बांधली ती मी आले त्याच्या आधी, नुसता मातीचा खड्डा. पावसानं ती ढासळली. दुसरी मी डोळ्यांनी पाहिली. फुईला ती पक्की करायची होती, म्हणून तिनं दिवाल्याला नदीवर पिटाळला. दिवाल्या तिचा सालदार, डोंगराकडचा भिल्ल. दिवाळीत जन्मला म्हणून दिवाल्या. उंच, काळाकुळकुळीत, आणि फुईच्या शिव्या खाऊन इतका मुरलेला की शिवी नसली तर कामाला हात लावायचा नाही. त्यानं नदीतून गोल, गुळगुळीत, देखणे दगड आणले. फुईनं ते एकाला एक भिडवून खड्ड्यात लावले आणि पऱ्हाट्या पेटवल्या. कापसाच्या वाळक्या काड्या, त्यांचा जाळ म्हणजे भडका.

थोड्या वेळानं आवाज झाला, बंदुकीसारखा. मग दुसरा. नदीचे दगड आतून पाणी प्यालेले, ते तापले आणि फुटायला लागले. एक कपचा फुईच्या भुवईत घुसला, एक दिवाल्याचा कान फाडून गेला. आमचं मांजर जे पळालं ते चार गल्ल्या ओलांडून. तोंडावर रक्ताची धार आणि हातात हातोडा, अशी फुई त्या खड्ड्याभोवती नाचत होती. "माले मारतस? माले? मी तुमले आनं आनि माले मारतस?" विझल्यावर तिनं ते दगड एकेक करून फोडले. चुरा होईपर्यंत फोडले. दिवाल्या कानाला चिंधी लावून शेजारी उभा राहून प्रत्येक घावाला "हां" म्हणत होता.

तिसरी आगटी मात्र झकास जमली. कुंभाराकडच्या भट्टीतली फुटकी मडकी आणली. ती आधीच आग पचवून बसलेली, ती कशाला फुटतात! त्यांचे तुकडे उभे लावले, मधे भुसा घालून तुडवलेली पांढरी माती भरली. वारा येतो त्या बाजूनं तळाशी एक तिरकं भोक ठेवलं. त्याला ती नाक म्हणायची. नाक बुजलं की आग गुदमरते, धूर करते. सगळी सावलीत वाळू दिली, मग चार दिवस नुसत्या गोवऱ्यांचा मंद विस्तव, मग कुठे जाळ. रोज काम आटोपलं की निखारे एका बाजूला ओढायचे, वर राखेचा जाड थर, वर खापर. सकाळी राख सारली की खाली लालभडक. तिथूनच आमची अख्खी गल्ली पेटायची.

थंडीत त्या आगटीवर भरताची वांगी भाजली जायची. पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी सी-सी करून रस टाकायची आणि वास पार वेशीपर्यंत. फुई सगळ्यांना वाढायची, पण "छान झालंय" म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की, "मंग काय वंगाळ करू का? शेकी काढसू!"

दिवाल्याला ती मारायची. खोटं कशाला बोलू, मारायची. पण तोही काही गरीब गाय नव्हता. एकदा तिनं त्याला सगळ्यांदेखत चोपला, तर तो सरळ कडुनिंबावर चढून बसला. ती म्हणाली, उतर. तो म्हणाला, नाही. ऊन डोक्यावर आलं तरी तो वरच. मग फुईनं खाली ओला पाला पेटवला आणि धूर केला. तो खोकत खोकत आणखी वरच्या फांदीवर गेला. शेवटी तिसऱ्या प्रहरी ती लांब बांबू घेऊन आली. टोकाला फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधलेला. "खाई ले, मुआ! उपाशी मरशी तं माले पाप लागी." त्यानं वरच बसून खाल्लं, फडकं खाली टाकलं आणि मग उतरला. उतरल्यावर पुन्हा दोघांचं भांडण. आम्ही कुडापाशी उभ्या राहून पोट धरून हसत होतो.

आणि मग ते वर्ष आलं.

चैत्रात आमच्या देवीची जत्रा. जत्रेच्या तोंडावर देवीचा चांदीचा मुखवटा देवळात दिसेना. पुजारी तापानं फणफणून भ्रमात पडलेला, त्याला काय विचारणार? गावानं आपापसात कुजबुज केली आणि कुणीतरी वर्दी दिली. एक हवालदार आला, संगती दोन शिपाई. हवालदार घाटावरचा, नवाच बदलून आलेला. मिशांना तूप लावणारा. आल्या आल्या विचारलं काय, तर गावात भिल्ल कोण आहे?

संपलं. चोरी झाली की भिल्ल, हा त्या वेळचा कायदाच होता म्हणा ना. दिवाल्याला नांगरावरून उचलला आणि चावडीत नेला. चावडी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. काठीचा आवाज येत होता, त्याचा येत नव्हता. ओरडत नव्हता म्हणून आणखी मारत होते. माझ्या सासूबाईंनी कानात बोळे घातले. फुई चावडीवर गेली, म्हणाली हा माझ्याकडेच होता, माझ्या घरातून हलला नाही. हवालदार म्हणाला, "मग तुझंच घर बघतो."

दिवाल्याच्या दंडाला दोर बांधून त्याला ओढत आणला. त्याचा एक डोळा मिटला होता. अख्खी गल्ली गोळा झाली, पाटीलही येऊन मागे उभा राहिला. शिपायांनी फुईच्या घरात दाणादाण केली. कणगी उलटी केली, ज्वारी अंगणात पसरली, मडकी फोडली. फुई उंबऱ्यात उभी राहून प्रत्येक मडक्याला एक शिवी देत होती. घरात काही मिळेना म्हणून ते मागच्या परसात आले. एक शिपाई फिरत फिरत आगटीपाशी गेला, वरचं खापर लाथेनं उडवलं आणि राखेत पाय टाकणार, एवढ्यात फुई ओरडली.

"ओ शिपाई! तठे पाय नको ठेवू! देवता शे तठे! मी दाबी ठेवेल शे!"

बाई त्याचा पाय वाचवत होती हो! त्या मेल्याचा पाय!

हवालदार गर्रकन वळला. "काय म्हणालीस? देवता? दाबून ठेवलीय? कबूल करतेस?"

फुईला काही उमजेना. "त्यामा कबूल काय करनं? आख्खी गल्लीले माहीत शे! सकायमा समदा आठेथून लई जातस!"

"म्हणजे गल्लीच सामील आहे!" हवालदार म्हणाला. अंगरख्याच्या बाह्या सारल्या, मोठ्या ऐटीत गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत राखेत खुपसले.

ती किंकाळी मी आजपर्यंत विसरले नाही. हात बाहेर काढले तेव्हा राख उडाली आणि लाल निखारे त्याच्या मांडीवर पडले. तो उड्या मारत होता, हात झटकत होता, मिशीनं पेट घेतला होता. आणि गल्ली हसली. नको तेव्हा हसली, पण आवरेना कुणाला. पाटीलसुद्धा हसला.

ते हसू दिवाल्याला महागात पडलं. हवालदाराचा चेहरा असा झाला की हसणं जागच्या जागी थिजलं. हाताची कातडी लोंबत होती, तरी तो ओरडला, "आणा त्याला! आता तू काढ देवता! तुझ्याच हातानं काढ!"

शिपायांनी दिवाल्याला ओढला, गुडघ्यावर पाडला, दोघांनी दोन मनगटं धरली. राख उडून गेल्यामुळे निखारे उघडे पडले होते आणि नाकातून वारा खाऊन धगधगत होते. दिवाल्या तेव्हा पहिल्यांदा ओरडला. सालदाराचे हात गेले म्हणजे काय उरलं? नांगर नाही, कोयता नाही, घास नाही. त्याची बोटं खाली खाली चालली होती. आम्ही शंभर माणसं उभी होतो. कुणीही हललं नाही.

फुई धावली आणि आगटीत उतरली.

अनवाणी. दोन्ही पाय निखाऱ्यांत रोवून उभी राहिली, दिवाल्याच्या हातांसाठी जागाच ठेवली नाही. लुगड्याचा काठ पेटला. "घाल आते!" ती म्हणाली. "आते कोठे घालस हात? घाल!"

आणि चिमटा सुरू झाला. पहिला शिपाई कपाळ धरून बसला. दुसऱ्याच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिसरा घाव हवालदाराच्या डोक्यात. तो आडवा झाला तरी ती मारत होती. पाय आगीत आणि हात चालूच. तिला बाहेर कुणी काढलं? दिवाल्यानंच. कमरेला मिठी मारून उचलली आणि अंगावर माती टाकत राहिला. त्याच्या डाव्या हाताची फक्त दोन बोटं भाजली होती, नखांपर्यंतच.

पुजाऱ्याचा ताप उतरला आणि तो उठून बसला. म्हणाला, मुखवटा? तो मीच दिलाय सोनाराकडे उजळायला, जत्रेसाठी. एवढंच! मला त्या क्षणी देवीचाही राग आला होता. मुखवटा आला, जत्रा झाली, लोकांनी नारळ फोडले, पेढे वाटले. मी गेले नाही.

पण सरकारी माणसाचं डोकं फोडलं होतं. फुईला बैलगाडीत आडवी घालून कोर्टात नेली. आमचे हे साक्षीला गेले होते. त्यांनी सांगितलं, साहेबानं विचारलं, बाई, तुम्ही मारलं का? तर म्हणाली, "मी मारा ना. आनखी मारती, पन पाय चालेत नही." तिथंही लोक हसले म्हणे. सजा झाली.

दिवाल्या रोज दुपारच्या गाडीला खांडबारा स्टेशनावर जाऊन उभा राहायचा. ती कधी सुटणार हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून रोज. पुढच्या थंडीत एक दिवस ती गाडीतून उतरली. उतरली म्हणजे कुणीतरी खाली ठेवली. पायाची बोटं गेली होती, तळवे आखडून वाकडे झाले होते. दिवाल्यानं तिला पाठीवर घेतलं आणि कोसभर चालत आणली. गल्लीत शिरण्याआधीच आम्हाला तिचा आवाज आला. "हाळू चाल, मुआ! बईल शे का तू? शेकी काढसू!" आणि त्याच्या डोक्यात बुक्की. सासूबाई ओट्यावर उभ्या राहून रडायला लागल्या. मीही रडले. फुईनं आम्हाला दोघींना शिव्या दिल्या.

त्यानंतर ती चालली नाही. दिवाल्या सकाळी तिला पाठीवर घेऊन परसात आणून बसवायचा, शेतात न्यायचा, कुणाकडे भांडण काढायचं असलं तर तिथेही न्यायचा. तो वाकायचा, ती गळ्यात हात टाकायची आणि शिव्या सुरू. तिच्या नवऱ्याचे भाऊबंद नाकं मुरडायचे, बाईमाणूस आणि भिल्लाच्या पाठीवर! ती म्हणायची, "तुमनी पाठ द्या मंग." कुणी दिली नाही.

दोन-तीन वर्षांनी ती गेली, उन्हाळ्यात, भर दुपारी. तेव्हा मात्र भाऊबंद सगळे धावून आले. तिरडी बांधली, खांदा कुणाचा, मडकं कुणी धरायचं, याचे वाद घातले. दिवाल्याला म्हणाले, तू अंगणाबाहेर उभा राहा, शिवू नकोस.

दिवाल्यानं ऐकून घेतलं. मग तो आत आला. लोक आडवे आले त्यांना त्यानं एका हातानं बाजूला लोटलं. मारलं नाही, नुसतं लोटलं, पण एकजण कुडावर जाऊन पडला. तो फुईपाशी वाकला, तिचे हात आपल्या गळ्यात घेतले आणि उठला.

पाटील ओरडला, "अरे, तिरडीवर ठेव तिले!"

"नही," दिवाल्या म्हणाला. "फुईले मन्ही पाठनी सवय शे."

नदीपर्यंत तो एकटा तिला घेऊन गेला आणि रिकामी तिरडी मागून आली. मी वेशीपर्यंत गेले होते, बायांनी पुढे जायचं नसतं. तिथून मला तो दिसत होता. जड पावलांनी चालायचा, मधेच थांबायचा, मान जराशी तिरपी करायचा, शिवी येते का म्हणून. मग पुढे चालायचा.